बेडूक, भिंगरी आणि चार तळ्यांचं पाणी

माझ्या पहिल्या डबीतले सगळे ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, ज्या माशासाठी बनली होती तो मासा आपल्या तळ्यांतला नाहीच. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याला गळाला लावणाऱ्यांचे व्हिडिओ मी रात्ररात्र पाहत होतो आणि ते पाहूनच सामान मागवलं : रबराचे तीन पोकळ बेडूक, भिंगरी लावलेले दोन स्पिनरबेट, पुढे जीभ असलेले दोन क्रँकबेट, मऊ रबरी गांडुळांचं एक पाकीट आणि सात फुटी रॉड. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाव वर्धा जिल्ह्यातलं, नोकरी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. शाळेपासून पाच मिनिटांवर तलाव आणि त्या तलावात मरळ. बास आणि मरळ दोघेही दबा धरून बसणारे, दोघांचंही तोंड मोठं, दोघेही बेडकावर तुटून पडणारे. म्हणून तिथलं तंत्र इथं जसंच्या तसं चालेल असं मी धरून चाललो.

ते चालायला दीड वर्ष लागलं. मासा वेगळा होता हे त्याचं निम्मंच कारण. दुसरं कारण असं की एका तळ्यावर शिकलेलं दुसऱ्या तळ्यावर तसंच लागू करायला मी जात होतो, आणि प्रत्येक पाण्यानं मला नव्यानं पहिलीत बसवलं.

शाळेच्या गावचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातला, ज्याला सगळे मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत, आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजानं धानाच्या सिंचनासाठी बांधलेले आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मासेमारी आता ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था करतात. एका बाजूला मातीची उंच पाळ, पाळीत पाणी सोडायचं तुडूम, टोकाला जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग, आणि समोरच्या अंगाला तलाव पसरट होत होत जंगलाला आणि बांध्यांना जाऊन मिळतो. रॉड घेऊन जाण्याआधी मी संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो. ठरलं ते असं : रोहू-कतल्याला हात लावायचा नाही, जाळं लावलेल्या बाजूला जायचं नाही, मरळ लागली तर आठवड्याला एक घरी न्यायची, बाकी परत पाण्यात. हे सांगतो कारण अनेक हौशी लोक तलाव म्हणजे मोकळी जागा समजतात. त्या पाण्यावर कुणाचं तरी घर चालत असतं.

पहिले सात रविवार एकही मासा लागला नाही. कमळाच्या पानांवरून बेडूक सरसर ओढत होतो. व्हिडिओतले लोक असंच करत होते. तिथं बास मागून धावत येऊन उडी मारायचा. माझ्या बेडकामागे पाणी हललेलं दोनदा दिसलं, पण त्यापुढं काही नाही. आठव्या रविवारी संस्थेतले एक वयस्क बाबा डोंगा काठाला लावून माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले,

"गुरुजी, तुमचा बेंडूक लय घाईत हाय."

"म्हणजे कसं, बाबा?"

"जित्ता बेंडूक असा पळत रायते का? तो पानावर बसते, दम खाते, मंग उतरते. मरळ पयले पाह्यते, मंग खाते. तिले पाहू तर द्या."

त्यांच्या लहानपणी लांब बांबूला दोर आणि गरी बांधून त्यावर बेडूक लावत आणि तो एकाच जागी पाण्यावर नाचवत. फेकणं नव्हतंच. मरळ बसल्याची जागा आधी शोधायची आणि तिच्या डोक्यावर बेडूक थपथपत ठेवायचा. त्यांनी उठून कमळांमधली ताटाएवढी एक मोकळी जागा दाखवली. बाकी सगळीकडे पानं दाट, तिथंच पाणी उघडं. मरळ हवेतून श्वास घेते. डोक्यात कल्ल्यांच्या वर तिला त्यासाठी वेगळा अवयव आहे, आणि ठराविक वेळानं तिला वर यावंच लागतं. अशी उघडी जागा म्हणजे तिच्या घराची खिडकी.

मी बेडूक त्या जागेच्या पलीकडच्या पानावर टाकला. तीस आकडे मोजेपर्यंत हात हलवला नाही. मग हलकेच ओढून तो पानावरून पाण्यात घसरू दिला आणि पुन्हा थांबलो. दोर नुसता थरथरवला. दुसऱ्या थरथरीला खालून 'भक्क' असा आवाज आला, पाण्याला खड्डा पडला आणि बेडूक गेला. मी लगेच झटका दिला. बेडूक रिकामाच माझ्या छातीवर येऊन आदळला.

"आतां तुम्ही घाई केली," बाबा म्हणाले.

पोकळ बेडकाचे दोन गळ त्याच्या पाठीला चिकटलेले असतात, म्हणूनच तो पानांत अडकत नाही. माशानं बेडूक तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. त्यासाठी क्षणभर लागतो. मरळ बेडूक पकडते आणि खाली वळते. ती वळल्यावर दोर ताणला जातो, तेव्हा झटका द्यायचा. आवाज झाल्यावर हात थांबवून ठेवणं मला सगळ्यात अवघड गेलं. कान सांगतात 'ओढ' आणि हाताला सांगायचं 'थांब'. मी 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' असं मनात म्हणायला लागलो. त्या सकाळी साडेनऊला पहिली मरळ हातात आली, अंदाजे सव्वा किलोची, काळपट पाठ, पांढुरकं पोट, बाजूंना तिरके पट्टे. मी तिला परत सोडलं. बाबा हसले नाहीत, मान हलवली, आणि डोंगा घेऊन गेले.

त्यानंतर त्या तलावावर बारकावे कळत गेले. साधी नायलॉनची दोरी कमळाच्या देठांत पहिल्याच झटक्याला तुटली. 40 पौंडी विणलेली ब्रेडेड दोरी घेतली, ती देठ कापत येते. ताणत नाही म्हणून मरळीच्या हाडासारख्या कडक जबड्यात गळ रुततोही. पहाटेच्या अर्धवट उजेडात काळ्या पोटाचा बेडूक पांढऱ्यापेक्षा जास्त मारा खातो. मला वाटतं, खालून पाहणाऱ्या माशाला उजळत्या आभाळावर त्याची आकृती स्पष्ट दिसते. गळाचे काटे मी पक्कडीनं दाबून टाकले. मासा सोडायला सोपं जातं आणि त्यामुळं निसटलेल्या मरळी मोजक्याच.

एकदा चूक झाली ती शिंगाड्यात. तलावाच्या एका अंगाला शिंगाड्याचा वेल पसरला होता. वरून पाहिलं तर मरळीसाठी इतकं सुरेख छप्पर दुसरं नाही. मी बेडूक टाकला, मासा लागला, आणि त्यानं वेलात गुंडाळून घेतल्यावर मी ओढत राहिलो. हातभर रुंदीचा पट्टा उपटून आला. काठावरून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, माह्या येलात कायले टाकता तुमची गरी? इतकं फळ तुमी देसान का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी नुकसानीचे पैसे घेऊन गेलो. पैसे त्यांनी निम्मेच घेतले. तेव्हापासून लावलेला शिंगाडा दिसला की पन्नास पावलं लांब.

तुडूम उघडण्याचं गणितही इथलंच. दिवाळीच्या आधी धानाला शेवटचं पाणी हवं असतं. तुडूम उघडलं की चार दिवसांत काठ मागे सरकतो, काठाची पानं चिखलावर लोळायला लागतात. पहिल्या वर्षी मी त्याच जुन्या जागांवर बेडूक टाकत बसलो. मरळ केव्हाच पानांच्या बाहेरच्या कडेला गेली होती, जिथं कमळ संपतं आणि कमरेइतकं पाणी सुरू होतं. तिथं बेडकापेक्षा स्पिनरबेट चांगला निघाला. तो तारेच्या कोनात असतो, त्यामुळं देठांना घासून जातो, अडकत कमी. कडेला समांतर टाकायचा, भिंगरी फिरत राहील इतकंच ओढायचं. मी पुढच्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांना तुडूम कधी उघडणार ते विचारून ठेवलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेलो. एका सकाळी पाच मरळी लागल्या. पाणी उतरतंय की स्थिर आहे हे मी आता सगळ्यात आधी विचारतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात, पावसाची उघडीप होती. सलंगेकडच्या कोपऱ्यात, देवधानाच्या आणि गवताच्या दाटीत, पाण्यावर एका जागी थेंब पडल्यासारखं दिसत होतं. आभाळ मात्र कोरडं. ओळखलं : मरळीची पिल्लं. शेकडो, लालसर नारिंगी रंगाची, एका झुंडीनं हवा घ्यायला वर येतात तेव्हा पाणी असं उकळल्यासारखं दिसतं. मरळ जोडी गवतात मोकळी जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्लं निघाल्यावर आई-बाप दोघे झुंडीखाली पहारा देतात. जवळ येईल त्यावर हल्ला करतात. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं, आणि त्यात ते 'हमखास मासा' म्हणून दाखवलं होतं. मी बेडूक झुंडीच्या मधोमध टाकला.

थांबावं लागलं नाही, थरथरवावंही लागलं नाही. पाण्याला लागायच्या आत मारा आला. अडीच किलोच्या पुढची होती. मी तिला पाळीवर आणलं, मोजपट्टी लावली, फोटो काढले, एका मित्राला फोन लावून दाखवली. मग जिथं उभा होतो तिथूनच, म्हणजे त्या कोपऱ्यापासून शंभर पावलांवर, पाण्यात सोडलं. ती शेपटी हलवत गेली. मला समाधान वाटलं होतं, सोडली म्हणून.

परत कोपऱ्यात गेलो तर झुंड तीन ठिकाणी फुटली होती आणि भोवती बोटभर मासे सुसाट फिरत होते. दर थोड्या वेळानं एक नारिंगी ठिपका नाहीसा व्हायचा. जोडीदार मासा तिथं होता की नाही मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. पाण्यावर थेंब नव्हते. मी बाबांना जाऊन सगळं सांगितलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थे माय होती, गुरुजी. पोट भरासाठी नाई आली ती तुमच्या बेंडकावर. त्या पिल्लाईसाठी आली."

संस्थेची माणसं त्या दिवसांत पिल्लांचा कोपरा सोडून जाळं टाकतात हेही तेव्हाच कळलं. कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत मी मरळीवर रॉड उचलत नाही. ज्या तंत्रानं मासा खात्रीनं लागतो ते सगळं वापरायचंच असतं असं मला आता वाटत नाही. शाळेतल्या मुलांना मात्र मी त्या दिवसांत पाळीवर नेतो आणि ते उकळणारं पाणी दाखवतो. मुलांना ते माझ्याआधीच माहीत असतं, पण घड्याळ लावून मरळ किती वेळानं वर येते ते मोजायला त्यांना आवडतं.

गावच्या तलावावर हात बसल्यावर मी इटियाडोहाला गेलो. गाढवी नदीवरचं हे मोठं धरण, आमच्याच तालुक्यातलं. तिथंही आधी परवानगी, मग रॉड. पण पाणी पाहूनच मी बावरलो. कमळ नाही, पानं नाहीत, काठाला दगड आणि लाल मुरूम, आणि पाणी दूरपर्यंत उघडं. मी तरी बेडूकच टाकला, कारण तोच माझा विश्वासाचा. तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या. लाटांवर बेडूक नुसता हिंदकळत होता. खालून पाहणाऱ्याला तो दिसत असेल की नाही शंकाच.

मग क्रँकबेट काढला. त्याच्या पुढच्या जिभेमुळं ओढल्यावर तो खाली बुडतो. जीभ जितकी लांब आणि आडवी तितका खोल. मी लांब जिभेचा घेतला आणि एका सकाळी दोन गमावले, दोन्ही बुडालेल्या खोडांत. धरणाखाली कधीकाळी झाडं होती, त्यांचे बुंधे अजून आहेत. संध्याकाळी घरी जाताना मी पाणी उतरलेल्या काठानं चालत गेलो आणि तेव्हा खरा अभ्यास झाला. उन्हाळ्यात जे उघडं पडतं तेच पावसाळ्यानंतर पाण्याखाली असतं. कुठं जुना बांध आहे, कुठं नाल्याचं पात्र आहे, कुठं बुंध्यांची रांग आहे, हे मी वहीत काढलं, फोनवर फोटो घेतले, ओळखीसाठी काठावरच्या मोहाच्या झाडांच्या खुणा लिहिल्या. मे महिन्यातलं ते चालणं पुढं ल्यूरच्या कुठल्याही खरेदीपेक्षा जास्त कामाला आलं.

दिवाळीनंतर त्या नाल्याच्या तोंडाशी मी टेक्सास रिग लावला. रबरी गांडूळ, गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवलेलं, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं. टोक लपलेलं असल्यानं तो बुंध्यावरून घसरत जातो. टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, रॉडचं टोक वीतभर उचलायचं, पुन्हा टेकू द्यायचं. दोरीतून दगड वेगळा कळतो, लाकूड वेगळं, चिखल वेगळा. हे हळूहळू बोटांना समजायला लागलं आणि त्याचा आनंद मासा लागण्याइतकाच होता. मरळ तिथं उघड्या पाण्यात नव्हतीच. ती नाल्याच्या आत, जिथं पाणी शिरून बेशरमाची झुडपं बुडाली होती तिथं होती. बाहेरच्या खोल कडेला सूर्य मावळल्यावर क्रँकबेटवर शिवडा लागला. लांबलचक, बिनखवल्याचा, तोंडभर बारीक दात. बुंध्यांजवळ क्रँकबेट चालवायचाच असेल तर तरंगणारा घ्यावा : लाकडाला टेकल्याचं जाणवलं की ओढणं थांबवायचं, तो आपोआप वर येतो. मी गमावलेल्या दोन ल्यूरच्या वेळी टेकल्यावर जोरात ओढलं होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो की तिसरंच पाणी. आमच्या वर्ध्याकडची काळी माती एकदा पाण्यात मिसळली की लवकर खाली बसत नाही. गावाजवळच्या लघुप्रकल्पाचं पाणी वर्षातले कितीतरी महिने दुधाच्या चहासारखं असतं. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे गोंदियाकडे, जंगलातून येणारं पाणी तांबूस पण पारदर्शक, त्यात काळा बेडूक चालत होता. इथं बेडूक, गांडूळ, सगळं फुकट गेलं. चुलत भाऊ म्हणाला, या पाण्यात मासाच नाही. पण संध्याकाळी पाणी फुटत होतं, म्हणजे मासा होता. त्याला माझं काही दिसत नव्हतं इतकंच.

मासा डोळ्यांशिवाय अंगानंही पाहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, पाण्यातली थरथर तिला कळते. मग प्रश्न रंगाचा उरला नाही, थरथरीचा झाला. स्पिनरबेटच्या भिंगरीचे दोन मुख्य प्रकार : विलो, म्हणजे विलो झाडाच्या पानासारखी लांबट, ती चमकते जास्त पण पाणी कमी हलवते, आणि कोलोरॅडो, गोलसर चमच्यासारखी, ती फिरताना रॉडच्या मुठीपर्यंत धडधड येते. माझ्याकडे लांबट भिंगरीचे होते. वर्ध्याच्या दुकानात गोल भिंगरी मिळाली नाही, म्हणून स्टीलचा छोटा चमचा कापून, घासून, भोक पाडून स्वतःच बनवली. दोन रात्री त्यात गेल्या. पहिली वाकडी फिरायची, दुसरी फिरायचीच नाही. तिसरी धडधडली. काळ्या झालरीचा स्पिनरबेट, गोल भिंगरी, आणि ओढ इतकी संथ की भिंगरी थांबेल की काय असं वाटावं. शिवाय एक गोष्ट बदलली : लांब फेकणं बंद. गढूळ पाण्यात माशाला आपण दिसत नाही, आणि मला तो काठाच्या बाभळीच्या मुळांना अगदी चिकटून बसलेला सापडला. दहा-बारा फुटांवर, मुळांना घासून, तीच तीच जागा चार वेळा. चौथ्या वेळी मरळ लागली. चुलत भावानं ती उचलून पाहिली आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की चमच्यानं मासा धरला.

चौथं पाणी म्हणजे मुरमाची जुनी खदान, साकोलीच्या वाटेवर. तिच्याबद्दल थोडक्यातच सांगतो कारण तिथं मी सहाच वेळा गेलोय. पाणी काचेसारखं, काठ सरळ खाली उतरलेला. तिथं गढूळ पाण्यातला धडधडणारा स्पिनरबेट टाकला तेव्हा मला डोळ्यांनी दिसलं की मरळ कपारीतून निघाली, जवळ आली, आणि वळून गेली. माझी सावली पाण्यावर पडली तरी त्या भागातली हालचाल संपायची. मग बसून, झुडपामागून, पूर्वेच्या काठावरून सकाळी न जाता संध्याकाळी गेलो, म्हणजे सूर्य समोर आणि सावली मागे. टोकाला दीड हात पारदर्शक फ्लोरोकार्बन दोरी बांधली. बोटाएवढा, खऱ्या माशाच्या रंगाचा मऊ रबरी मासा, वजनाशिवाय, नुसता बुडू दिला. दोन लागल्या, दोन्ही लहान.

आता कुठंही गेलो तरी पहिली वीस मिनिटं रॉड पिशवीतच असतो. पाणी किती खोलपर्यंत दिसतं, चढतंय की उतरतंय, तळाला चिखल आहे की दगड, आडोसा पानांचा आहे की लाकडाचा, मरळ श्वास घ्यायला कुठं वर येते. आणि काठावर कुणी असेल तर त्यांच्याशी बोलणं. ढिवरांकडे, गुराख्यांकडे, शिंगाडा लावणाऱ्यांकडे त्या पाण्याची जितकी माहिती असते तितकी कुठल्याही व्हिडिओत नाही, आणि सन्मानानं विचारलं तर ते देतात. तुटलेली दोरी मी वेचून आणतो. विणलेली दोरी सडत नाही. एका हिवाळ्यात कमळात एका जांभळ्या पाणकोंबडीच्या पायाला ती गुंडाळलेली पाहिली, बाबांनी डोंग्यातून जाऊन सोडवली. ती दोरी माझीच होती की दुसऱ्या कुणाची, हे ठरवता आलं नाही, पण माझ्या दोरीचा रंग तोच होता.

अधूनमधून कुणीतरी विचारतं की शेततळ्यात बासच आणून सोडला तर? मी हात जोडून नाही म्हणतो. जपाननं 1925 मध्ये बास आणला, आज तिथं तो देशी माशांना गिळणारा उपद्रवी मासा ठरला आहे. उलट 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका तळ्यात आपल्या मरळीच्या जातकुळीतला आशियाई मासा सापडला, तर ते सगळं तळंच विष घालून रिकामं केलं गेलं. तिथं ती नको, इथं तो नको. थाई मांगूर या परदेशी माशावर बंदी असूनही तो आपल्या पाण्यात आलाच आहे, तेवढं पुरे. बासचे ल्यूर जरूर आणावेत, बास आणू नये.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पहाटे पाळीवर उभं राहवत नाही इतकी थंडी असते, तेव्हा गावच्या तलावातली मरळ कुठं जाते? बेडकावर येत नाही, भिंगरीवर येत नाही, श्वासालाही फार उशिरानं वर येते. बाबा म्हणतात तुडुमाजवळच्या खोलात, चिखलाला पोट लावून. गेल्या पौषात मी तिथं गांडुळाचा टेक्सास रिग तळाला टेकवून दुपारच्या उन्हात दोन तास बसलो, एका जागी, मिनिटभरानं एकदा हलवत. एकदा दोरी जड झाली, हळूच बाजूला सरकली, आणि सुटली. गांडुळाच्या शेपटीवर दातांच्या बारीक खुणा होत्या. ते गांडूळ मी डबीत वेगळं ठेवलं आहे. यंदा शिसं निम्म्या वजनाचं लावून बघणार आहे.